नावाआधीचं बाळ

नवजात कक्षात बाळाला नाव नसतं. बारसं व्हायच्या आधीच ते आमच्याकडे आलेलं असतं, म्हणून पायातल्या पट्टीवर, केसपेपरवर, रक्ताच्या बाटलीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. प्रतिजैविकं आणि बालकांचे जंतुसंसर्ग हा विषय घेतला आणि माझी सगळी नोकरी अशा बाळांमध्येच गेली.

सेप्सिसचा, म्हणजे रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याचा, संशय आला की कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, पाठवायचं आणि रिपोर्टची वाट न बघता अँपिसिलिन-जेंटामायसिन सुरू करायचं, हे मी शिकले. नंतर रिपोर्टमध्ये औषधांपुढे ‘आर’ वाढत गेले. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू दाद देत नाही. मग मेरोपेनेम, तेही चालेना तेव्हा कोलिस्टिन. हे औषध मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून कधीकाळी मागे ठेवलेलं होतं. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांमधल्या नवजातांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक सापडलेला जंतू असिनेटोबॅक्टर होता आणि त्यातले सुमारे ८२ टक्के अनेक औषधांना दाद न देणारे. तो वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, याचंच वाईट वाटलं.

बाप म्हणतो, “मॅडम, चांगल्यातलं औषध लिहा, पैशाचं बघतो मी.” आजी पदराच्या गाठीतून अंगारा काढते, आत चालत नाही, म्हणून सिस्टर तो आईच्या उशाखाली ठेवायला सांगतात. दोघांचंही मागणं या एका बाळासाठी. पण मी मेरोपेनेम लिहिते तेव्हा पुढे कधीतरी याच खाटेवर येणाऱ्या, आज गर्भातही नसलेल्या बाळाच्या वाट्यातलं काही खर्च करते. त्याचं मी काही देणं लागते का?

आपल्या परंपरेत माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो: देवांचं, ऋषींचं, पितरांचं. तिन्ही आपल्याआधीच्यांची. पितृऋण तर संततीनंच फिटतं, म्हणजे पुढची पिढी ही परतफेड. ती स्वतः धनको कशी असेल? घरी श्राद्ध-पक्ष नेमानं पाळलेल्या मला हे चौथं ऋण कुठेच सापडलं नाही. ते रचणाऱ्यांना दोष देत नाही. आपल्या उपचारानं नातवाचा उपचार निकामी होईल, अशी वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

खाटेपाशी मात्र मी हा हिशेब करत नाही. तिथे तो करणं मला अधर्म वाटतो. हिशेबाची जागा दोन दिवसांनी येते. कल्चरमध्ये काही वाढलेलं नसतं, बाळ दूध ओढू लागलेलं असतं, आणि प्रश्न असतो तो औषध बंद करण्याचा. चालू ठेवलं तर कुणी बोल लावत नाही. बंद केलं आणि बाळ बिघडलं तर सगळे माझ्याकडे बघतात. बंद केल्यानं जे बाळ पुढे वाचेल, त्याचे आईबाप माझं नावही ऐकणार नाहीत. निष्काम कर्मावरची व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली आहेत. ते अंगी उतरलं ते औषध बंद करण्याची ही सही करताना.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनं दाखवणारे, आफ्रिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. नायजर, मलावी, टांझानियातल्या निम्म्या गावांत एक ते ५९ महिन्यांच्या मुलांना, आजारी असोत-नसोत, वर्षातून दोनदा अझिथ्रोमायसिन दिलं; बाकीच्यांत नुसतं तसंच दिसणारं, औषध नसलेलं द्रव. मृत्यू सुमारे साडेतेरा टक्क्यांनी कमी झाले. कुठलं मूल त्यामुळे वाचलं, हे त्याच्या आईलाही कधी कळणार नाही. औषधाला न जुमानणारे जंतूही वाढले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं मृत्युदर फार असेल तिथेच, आणि फक्त एक ते अकरा महिन्यांच्या बाळांपुरतं, असं जपून सांगितलं. पुढे २०२४ मध्ये नायजरमधल्याच दुसऱ्या चाचणीत दिसलं की नुसत्या तान्ह्यांना दिलं तर फारसा फरक पडत नाही. गावातल्या थोरल्या मुलांनाही दिलं की तान्हीही जास्त वाचतात. काटकसर म्हणून जे डोस वगळायचे होते, तेच तान्ह्यांच्या कामी येत होते.

माझे मेहुणे तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांनी विचारलं, तू तिथे असतीस तर दिलं असतंस? दिलं असतं. आणि इथे, तुझ्या कक्षात, निरोगी बाळाला? नाही. ही विसंगती आहे, असं ते म्हणाले. मला ती दिसत नाही. तिथे आज मरणारी मुलं इतकी आहेत की उद्याच्या मुलाला थांबायला सांगता येतं. माझ्या कक्षात ते उद्याचं मूल कधीच दाखल झालेलं आहे.