जोखीम, भांडवल आणि अपयशाचा अधिकार

निर्मितिखर्च वाढला की कलावंताचे धाडस घटते, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की त्यात दोन भिन्न जोखमी एकमेकींत मिसळल्या आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. एक रूपाची : पूर्वी न केले गेलेले करून पाहण्याची. दुसरी पैशाची : गुंतवलेले परत न येण्याची. साठच्या दशकातील लघुअनियतकालिके सायक्लोस्टाइलवर निघत तेव्हा पहिली जोखीम मोठी आणि दुसरी काही रिम कागदाएवढी होती. अंक फसला तर फसला. मराठी नवतेच्या इतिहासात या स्वस्त अपयशाची नोंद अद्याप पुरेशी झालेली नाही.

व्हिडिओ गेम हा याच्या अगदी विरुद्ध टोकाचा कलाप्रकार. २०२३ साली अमेरिकेतील एका खटल्यात सोनी कंपनीची कागदपत्रे उघड झाली. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' (२०२०) या गेमचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर असल्याचे त्यांतून दिसले. हा गेम पूर्वीच्या यशस्वी गेमचा उत्तरार्ध आहे, तेव्हा भांडवलाने ओळखीची वाट धरली असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु लोकप्रिय नायकाला आरंभीच मारून त्याला मारणाऱ्या स्त्रीच्याच भूमिकेत खेळणाऱ्याला तासन् तास वावरायला लावणे, हे धाडस नव्हे असे कोण म्हणेल? म्हणजे महाग निर्मितीत धाडस अशक्य नसते. ते पूर्वयशाच्या तारणावर मिळते, एवढेच.

ज्याच्याजवळ असे तारण नाही त्याचे काय? पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' त्याच २०२० साली आला. जत्रेतून हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, निवेदनाला विष्णू आणि दुर्गा, पार्श्वभूमीला राजस्थानी वास्तुशिल्प आणि पहाडी चित्रशैली. २०१७ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणीचे आवाहन झाले. ते अपुरे पडले. काम चालू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एकीने स्वतःचे राहते घर विकल्याचे नंतर प्रसिद्ध झाले. प्रकाशक पुढे मिळाला.

लोकवर्गणी आणि सहकार यांत वरवर साम्य दिसते. कोपरगाव तालुक्यातील कोळपेवाडी किंवा सहजानंदनगर येथील साखर कारखाने अनेक ऊसउत्पादकांच्या भागभांडवलावर उभे राहिले. अशा कारखान्यांना शासनाचेही भांडवल आणि हमी लाभत आली. हंगाम वाईट गेला तर टनामागचा भाव सर्वांचाच उतरतो. तोटा वाटला जातो, आणि म्हणून तो सोसवतो. किकस्टार्टरवर मात्र ठरलेली रक्कम न जमल्यास कोणाचाच पैसा कापला जात नाही. पाठीराखा सुखरूप घरी जातो आणि संपूर्ण जोखीम निर्मात्याच्या दारात परत येते. शिवाय सभासदाला साखर म्हणजे काय हे आधीच ठाऊक असते. अभूतपूर्व कृतीचा भाग विकत घेणाऱ्याला ती कशी असेल हे सांगता येईल तर ती अभूतपूर्व उरणार नाही. सहकाराची रीत कलेला जशीच्या तशी लावता येत नाही ती येथे. (ग्रंथालयांना अनुदान देणाऱ्या राज्यात हा प्रश्न केवळ बाजाराचा मानला जावा, हेही नवलच.)

उरतो समीक्षेचा प्रश्न, आणि तो अधिक अवघड आहे. 'राजी'तील लढाई ओबडधोबड वाटते आणि शेवट अर्ध्यावर तुटल्यासारखा येतो, हे आक्षेप रास्त आहेत. घर विकले गेले म्हणून शेवट पूर्ण होत नाही; कृतीचे मूल्यमापन तिच्यासाठी सोसलेल्या त्यागावरून करणे हा भाबडेपणा ठरेल. मात्र 'सफाई' हा ज्या निकषाचा दुसरा शब्द आहे तो निकष कोणत्या कृतींवरून घडला, हे विचारणे भाबडेपणाचे नाही. केसांची एकेक बट वाऱ्यात स्वतंत्र हलली पाहिजे, ही अपेक्षा सौंदर्यशास्त्राने निर्माण केलेली नाही. ती २२ कोटी डॉलरनी निर्माण केली आहे, आणि समीक्षक ती नकळत सौंदर्यशास्त्राच्या नावावर वसूल करतो.