‘पर्यंत’ या शब्दाची नीती

जाहिरातीत ‘सेकंदास १०० मेगाबिटपर्यंत’ असे वचन असावे आणि पंचवटीतील वाड्याच्या माजघरात बिनतारी आंतरजाल रांगत यावे, यात आता नवल उरलेले नाही. मग विक्रेता खोटे बोलला काय? जाड भिंती लहरी शोषतात, शेजारची यंत्रे त्याच वाटेवर गर्दी करतात. ही कारणे खरी आहेत. परंतु ती त्यास आधीच ठाऊक असतात, म्हणूनच तो ‘पर्यंत’ हा शब्द योजतो. अश्वत्थाम्याविषयीचे धर्मराजाचे वाक्यही, पुटपुटलेला ‘हत्ती’ धरला तर, शब्दशः खरेच होते. तरी व्यासांनी त्याचा रथ भूमीस टेकविला, कारण द्रोणाच्या मनात उतरले ते असत्यच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची दृष्टीही याहून फार निराळी नाही. दिशाभूल होण्याचा नुसता संभवही तो दोषास्पद मानतो. (आणि २०२३ पासून ‘ब्रॉडबँड’ म्हणविण्यास सरकारला सेकंदास किमान २ मेगाबिट पुरतात!)

‘पर्यंत’चा अर्थ सर्वांस समजतो, असे कोणी म्हणेल. मेन रोडवरील दुकानात ‘निम्म्यापर्यंत सूट’ वाचून आपण हसतो खरे. पण तेथे लुगडे हातात घेऊन, किंमत पाहून मग पैसे मोजतो. येथे वर्षाचे पैसे आधी मोजावयाचे आणि माल नंतर पाहावयाचा.