विझलेला दिवा

गाडी सुरू केली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. माझ्या गाडीत तो विझेना. अंबडमधल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. दोष क्लॉकस्प्रिंगचा. स्टिअरिंग फिरतानाही एअरबॅगला वीज मिळावी म्हणून त्याखाली गुंडाळलेली ही पट्टी आतून तुटली होती.

"नवीन टाकू, नाहीतर दोन-तीन ओहमचा रेझिस्टर लावतो, भाऊ. दिवा बंद. कुणाला कळणार नाही."

खरंच नसतं कळलं. गाडीतला कंट्रोलर बॅग पाहत नाही, रेझिस्टन्स मोजतो. आकडा जुळला की त्याच्या लेखी बॅग हजर.

गाडी विकायची होती. गिऱ्हाईक ठरलेलं: नवरा-बायको, रोज सिन्नरला ये-जा. मी मनातल्या मनात वकिली सुरू केली. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. त्याआधी लोक गाड्या चालवत नव्हते? चालवत होते की. पण आपल्या गाडीत एअरबॅग नाही हे त्यांना ठाऊक होतं. माझी बॅग तर निकामी झालीच होती. रेझिस्टर त्या दोघांकडून हे ठाऊक असणंच काढून घेणार होता.

"नवीनच टाका," म्हटलं.

त्याने बॅटरीची तार काढली आणि बाजूला बसला. साठलेला करंट उतरेपर्यंत थांबायचं, नाहीतर बॅग तोंडावर फुटू शकते. रेझिस्टर सुचवणारा हाच माणूस!

गिऱ्हाइकाला सगळं सांगितलं, बिल दाखवलं. "म्हणजे गाडीत बिघाड होता," म्हणत त्याने पाच हजार कमी केले.