लिपीवरचा आळ

शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत निवेदकाच्या तोंडून एक वाक्य हमखास येतं: पाश्चात्त्यांचं संगीत कागदावरचं, आपलं उपजेचं. श्रोते माना डोलावतात. मला या वाक्याचा मनस्वी कंटाळा आला आहे, कारण त्यात संगीताच्या लिपीवर उपज मारल्याचा भलताच आळ आहे.

१६००च्या आसपास युरोपात साथीच्या वादकापुढे नुसती खर्जाची ओळ आणि तिच्याजवळ आकडे असत. बाकीचं त्याने जागच्या जागी भरायचं. १७४७मध्ये पॉट्सडॅमला बाखने राजाने दिलेल्या सुरावटीवर जागच्या जागी फ्यूग रचून वाजवला. मोझार्टच्या कॉन्चेर्टोत वाद्यवृंद थांबे आणि एकटा वादक तिथल्या तिथे सुचलेला आपला कॅडेन्झा वाजवी. इथवर कुणाचाच वाद नाही.

घोटाळा होतो तो १८०९पाशी. बेथोव्हेनने पाचव्या पियानो कॉन्चेर्टोत कॅडेन्झाच्या नेमक्या जागी सूचना लिहिली की इथे कॅडेन्झा करू नये, लगेच पुढचं वाजवावं. झालं! रचनाकाराने वादकाचं स्वातंत्र्य हिरावलं, उपज मेली, असा निकाल लागला. पण व्हिएन्नाने बेथोव्हेनला डोक्यावर घेतलं ते उत्स्फूर्त वादनासाठीच. २२ डिसेंबर १८०८च्या मैफलीत कोरल फँटसीचा पियानोचा आरंभ त्याने आयत्या वेळी रचला. कागदावर तो मागाहून उतरला. असा माणूस पुढच्याच वर्षी उपजेचा वैरी कसा होईल? बदलली होती ती त्याची परिस्थिती. कान साथ देईनात. या कॉन्चेर्टोचं जाहीर वादन १८११मध्ये लाइप्झिगला फ्रीडरिक श्नायडरने केलं, नंतर व्हिएन्नात शिष्य चेर्नीने. रचना एकाची आणि हात दुसऱ्याचे, म्हणून ती सूचना. याच चेर्नीने १८२९मध्ये पियानोवर उत्स्फूर्त कसं वाजवावं याचं पुस्तक छापलं. मेलेल्या विद्येचं पाठ्यपुस्तक कोण काढतो?

खरी फारकत पुढे झाली. मैफली दिवंगतांच्या रचनांनी भरू लागल्या, रचणारा आणि वाजवणारा यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ब्राम्सने १८७८च्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत कॅडेन्झाची जागा चक्क मोकळी सोडली, आपला व्हायोलिनवादक मित्र योआखिम याच्यासाठी. योआखिमने ती भरली, आणि तेव्हापासून बहुतेक व्हायोलिनवादक योआखिमचाच कॅडेन्झा पाठ करून वाजवतात. (काहींनी स्वतःचे रचले, पण तेही घरून लिहून आणलेले.) ब्राम्सने कुणाला अडवलं नव्हतं. अडले ते वादक.

चर्चमधल्या ऑर्गनवादकांना मात्र प्रार्थनेच्या गतीप्रमाणे सूर लांबवावे-आखडावे लागतात, म्हणून त्यांची उपज टिकली. पॅरिसच्या सँ-सुल्पिस चर्चमधले ऑर्गनवादक बाखची लिहिलेली रचना वाजवतात आणि त्याच बैठकीत स्वतःचं काही तिथल्या तिथे रचतात. लिपी त्यांच्या समोरच उघडी असते.