ज्ञानाचे देणे



रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात आणखी एक सभा भरते. कोणी चपला घालता घालता नर्सताईंना रक्ताचा रिपोर्ट दाखवतो. कोणी मास्तरांकडून मुलाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून घेतो. महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या काकांसमोर सातबाराची घडी उलगडली जाते. हे पाहून मन भरून येते. पण एकदा एका नर्सताईंनीच मला विचारले, "आठवडाभर दवाखान्यात उभी असते. रविवारी कोणाला नाही म्हटले तर दिवसभर टोचत राहते. हे पाप आहे का?" मला लगेच उत्तर देता आले नाही.

पगार मिळतो तो ठरलेल्या कामाचा. ते काम प्रामाणिकपणे केले की माणूस मोकळा. त्यात काहीच चूक नाही. पण जे ज्ञान आपण कामात वापरतो, ते सगळे आपण फी भरून मिळवलेले असते का?

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. नोकरीने त्यांना नवेगावबांधला आणले. वनविद्येचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले होते. तरी तिथल्या रानाची आणि पाखरांची खरी ओळख त्यांना करून दिली ती नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवार यांनी. माधवरावांना शिकवण्याचा पगार कोणी देत नव्हते. रानाच्या कडेने राहणाऱ्या साध्या माणसांनीही आपली जाण आणि आपले शब्द या साहेबांना मोकळ्या मनाने दिले. चितमपल्लींनी ते स्वतःजवळ दडवून ठेवले नाही. पुस्तके लिहिणे हा काही त्यांच्या नोकरीचा भाग नव्हता. तरी 'पक्षी जाय दिगंतरा', 'नवेगावबांधचे दिवस' अशी पुस्तके लिहून त्यांनी हे धन मराठी घरांत पोचवले. २००६ साली ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या भाषेत 'देणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दान, दुसरा कर्ज. ज्ञानाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एक होतात. ज्यांनी आपल्याला शिकवले त्यांना ते परत करता येत नाही. ते फेडायचे पुढच्या माणसाकडे. धन्याने सोपवलेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. त्याने चोरी केली नव्हती. त्याने ते कोणाच्या उपयोगी पडू दिले नाही, एवढाच त्याचा दोष.

मग नर्सताईंचे काय? कर्ज फेडायचे हे खरे, पण ऋणकोला झोपू न देणारा सावकार कोणाला आवडतो? मागणाऱ्यानेही काही पाळावे. गर्दीत, उभ्या उभ्या रिपोर्ट पाहून दिलेला सल्ला चुकू शकतो. "हे इथे सांगता येणार नाही, उद्या दवाखान्यात या," असे ताई म्हणाल्या, तर तो नकार नव्हे. तीही सेवाच आहे. दुसरे असे की, फुकट मिळाले म्हणून ते हलके समजू नये. दलालाच्या हातावर मुकाट्याने पैसे ठेवणारे आपण, मास्तरांनी तासभर बसून फॉर्म भरून दिला तर कधी कधी आभार मानायलाही विसरतो.

नेपल्सचे संत जुझेप्पे मोस्काती हे डॉक्टर आणि प्राध्यापक होते. गरिबांकडून ते पैसे घेत नसत. १२ एप्रिल १९२७ रोजी सकाळी मिस्सा आणि इस्पितळातले काम आटोपून ते घरी रुग्ण तपासत होते. थकवा वाटला म्हणून खुर्चीत बसले आणि तिथेच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे ४६. १९८७ साली त्यांना संतपद मिळाले. असे स्वतःला देऊन टाकणे हा संतांचा मोठेपणा आहे. पण दुसऱ्याने तसे द्यावे असा हट्ट आपण धरला, तर तो आपला स्वार्थ ठरेल.

यातून वाट निघू शकते. २०१६ साली सुरू झालेल्या सरकारी मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. खासगी डॉक्टरांनीही त्या दिवशी सरकारी दवाखान्यात येऊन सेवा द्यावी, असे आवाहन आहे. दिवस ठरलेला असला की देणारा तयारीने येतो आणि घेणाराही संकोचत नाही. आपल्याकडेही महिन्यातून एका रविवारी, मिस्सेनंतर तासभर, व्हरांड्यात एक टेबल आणि चार खुर्च्या मांडता येणार नाहीत का? ज्याला जे येते ते त्याने तिथे द्यावे. इतर रविवारी मात्र नर्सताईंना निवांत घरी जाऊ द्यावे.

त्या ताईंना आता माझे उत्तर असे आहे: थकल्यावर नाही म्हणणे पाप नाही. मात्र आपल्याजवळचे कोणालाच कधी न देणे, याचा हिशेब प्रत्येकाला द्यावा लागेल. तुम्हाला, तसा मलाही.