रसायनाचा नवा पंतोजी

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून विभक्त होऊन अस्तित्वात आलेल्या आणि पुढे २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत दाखल झालेल्या वाशीम जिल्ह्यात, रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील एखाद्या खेड्यातून जो विद्यार्थी विज्ञान शाखेत प्रवेश घेतो, तो बहुधा दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकलेला असतो. आणि अकरावीच्या पहिल्याच तासाला त्याच शास्त्राने इंग्रजी वेष धारण करून त्याच्यापुढे उभे राहावे, हा प्रसंग त्याच्यावर कोणतीही पूर्वसूचना न देता ओढवतो. ज्यांची ऐपत असते ते शिकवणीसाठी अकोल्याला वा लातूरला खोली करून राहतात; हजेरी एका गावी आणि अध्ययन दुसऱ्या गावी, ही व्यवस्था सरकारदरबारीही आता अपरिचित राहिलेली नाही. ज्यांच्या घरची सारी मिळकत सोयाबीनच्या भावावर अवलंबून असते, त्यांच्या वाट्याला कनिष्ठ महाविद्यालयातील भरगच्च वर्ग, बाजारातले गाईड आणि अलीकडे वडिलांच्या मोबाईलमधून उत्तरे देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता एवढेच येते.

या शेवटच्या साधनाची सरसकट हेटाळणी करणे मला अन्यायाचे वाटते. वर्गात साठ जणांसमक्ष 'मोल म्हणजे नेमके काय' हे बारावीत विचारण्याची लाज ज्याला वाटते, त्याला तोच प्रश्न रात्री अकरा वाजता, मराठीत, पुनःपुन्हा विचारता यावा आणि उत्तर देणाऱ्याच्या कपाळावर आठी पडू नये, ही काही सामान्य सवलत नव्हे. एकास एक शिक्षकाकडून शिकणारा सामान्य विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील शेकडा अठ्ठ्याण्णवांच्या पुढे जातो, असे अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये प्रतिपादन केले होते. पुढच्या संशोधकांना एवढा मोठा लाभ क्वचितच आढळला, तरी खाजगी शिकवणीचा महिमा आपल्याकडील पालकांना ब्लूमसाहेबांनी सांगण्याची गरज कधीच नव्हती.

परंतु पंतोजी प्रश्न विचारतो, आणि यंत्राला सहसा प्रश्नच विचारले जातात. एक किलोग्रॅम पाण्यात ५.८५ ग्रॅम मीठ विरघळविले असता गोठणबिंदू किती उतरेल, हे उदाहरण घ्या. विद्यार्थी सूत्र आठवतो, ०.१ ला १.८६ ने गुणतो आणि ०.१८६ अंश असे लिहून मोकळा होतो. यंत्राकडे उत्तर मागितले तर ते ०.३७२ असा आकडा सर्व पायऱ्यांसह मांडून देते. विद्यार्थी तो वहीत उतरवतो, आणि आपण चुकलो कोठे याचा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही. त्याऐवजी 'उत्तर सांगू नकोस, माझी रीत तपास आणि मला एकच प्रश्न विचार' अशी ताकीद यंत्राला दिली, तर 'मीठ पाण्यात गेल्यावर कण किती झाले?' असा प्रश्न येण्याचा संभव असतो. आणि सोडियम व क्लोराईड हे आयन वेगळे झाले, कणसंख्या दुप्पट झाली, म्हणून उतारही जवळजवळ दुप्पट, हे त्याचे त्याला उमगले की कणसंख्येचा हा पट दाखवणारा व्हान्ट हॉफ गुणांक परीक्षेच्या दालनात विसरण्याची भीती उरत नाही.

तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या बाबतीत झालेला प्रयोग याच गोष्टीची साक्ष देतो. मागेल ते उत्तर देणारे यंत्र ज्यांच्या हाती होते, त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली; मात्र यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा, ज्यांना ते कधी मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षा हे १७ टक्के मागे पडले. शिक्षकांनी सिद्ध केलेल्या सूचना पुरवून केवळ इशारे देणारे यंत्र ज्यांना मिळाले, त्यांचे हे नुकसान बव्हंशी टळले. शिवाय यंत्र चुकते तेही निःशंक स्वरात, आणि मंडळाच्या बारावी रसायनशास्त्राच्या सोळा प्रकरणांत प्रवेशपरीक्षांचा मजकूर खुशाल मिसळते. म्हणून बालभारतीचे पुस्तक उघडे ठेवल्याविना त्याच्याशी संभाषण करू नये.

आणि ७० गुणांच्या लेखी परीक्षेबरोबर ३० गुण प्रात्यक्षिकादी अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत का तापवावे, हे यंत्र उत्तम सांगेल. पण ब्युरेटमधून परमँगनेट थेंबाथेंबाने सोडताना, ढवळूनही न जाणारी फिकट गुलाबी छटा ज्या एका थेंबाने येते तेथे तोटी बंद करण्याचे कसब बोटांना आणि डोळ्यांना प्रयोगशाळेतच येते. हे गुण सढळ हाताने वाटण्याची रीत पडल्यामुळे त्या खोलीचे कुलूप वर्षभर निघाले की नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. तेव्हा जिल्ह्याच्या दप्तरातून कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी तरतूद मागणारा जो प्रस्ताव निघेल, त्याच्यासोबत प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात शाबूत ब्युरेट किती आहेत आणि प्रयोगशाळा परिचराचे पद भरलेले आहे काय, याचा तपशीलही जोडून मागवावा.