धैर्य आणि आचार्यत्व



धैर्य हा शब्द उच्चारताच सामान्य जनांच्या दृष्टीपुढे रणांगण उभे राहते. आपल्या मार्गात मात्र धैर्याचा पहिला पाठ सशाच्या लीळेत सापडतो. पारध्यांनी पिटाळलेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन दडला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी शस्त्र उचलले नाही की स्वर चढविला नाही. आश्रयास आलेला जीव परत द्यावयाचा नसतो, एवढे त्यांना समजावून दिले आणि हिंसेविषयी विचार करावयास लावले. पारधी रिकाम्या हातांनी परतले. धाडस क्षणाचे असते. ज्याने आपला आधार घेतला त्यास कोणी मागावयास आले तरी न देणे, हे धैर्य होय.

परंतु तेथे स्वामी स्वतः संनिध होते. संनिधान सुटल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे. इ. स. १२७४ च्या सुमारास सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. भटोबास आणि इतर भक्तजन ऋद्धिपुरास श्रीप्रभूंच्या सेवेत राहिले. सुमारे चौदा वर्षांनी तेही संनिधान अंतरले. आता विचारावयास कोणी नाही, चुकल्यास सावरावयास कोणी नाही, आणि मागे शोकाकुल भक्तसमुदाय. त्या वेळी मार्ग तेथेच संपता. भटोबास वियोगाचे दुःख विसरले नाहीत. दुःख असतानाच त्यांनी इतरांना आचारात स्थिर केले. आपले दुःख शमल्यावर इतरांना सांभाळू, असे म्हणणारा पुष्कळदा दोन्हीही करीत नाही.

भटोबासांच्या आचार्यत्वाचा कस केशोबासांच्या प्रसंगी लागला. केशोबास संस्कृतातील मोठे पंडित, रत्नमालास्तोत्र त्यांचेच. शास्त्ररचना संस्कृतात व्हावी ही त्यांची इच्छा त्या काळास धरूनच होती, कारण विद्वत्सभेत मान त्याच भाषेला होता. भटोबासांनी ती मोडली. असे केल्यास आमच्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानापासून वंचित होतील, हा त्यांचा अभिप्राय. मानाची वाट नाकारण्यास येथे धैर्य लागले, हे सारेच सांगतात. मला केशोबासांचे धैर्य त्याहून किंचित कठीण वाटते. आयुष्यभर कमावलेली विद्या बाजूस ठेवून, जिच्यात आपले पांडित्य मिरविता येणार नाही अशा मराठीत त्यांनी सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ सिद्ध केले.

महदाइसांचे धैर्य आणखी निराळे. त्या विचारीत. समजले नाही तर पुन्हा विचारीत. सभेत आपले अज्ञान उघड होईल या भयाने गप्प बसणारे विद्वान आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. स्वामींना मात्र त्यांच्या जिज्ञासेचे कौतुक होते.

हे सारे तेराव्या शतकातले, आम्हा नोकरीपेशाच्या वासनिकांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. वसईच्या पूर्वेस गोखिवऱ्याचेच उदाहरण घ्या. तुंगारेश्वराच्या डोंगराकडील या भागात आज कारखान्यांचे गाळे ओळीने उभे आहेत. अशा एखाद्या गाळ्यात यंत्रावर बसणारा जुना कारागीर आणि त्याच्या हाताखालील शिकाऊ पोरगा, हाही गुरुशिष्यसंबंधच आहे. पोराला सगळे शिकविले तर उद्या आपली गरज उरणार नाही, हे कारागिराचे भय खोटे नाही. पोटाशी त्याचा संबंध आहे. तरीही हातचे राखून शिकविणारा त्या पोराची बोटे धोक्यात घालतो. यंत्राचे संरक्षक झाकण काढून माल लवकर काढा असे सांगितले गेले, तर पोराच्या देखत ‘नाही’ म्हणणे हे त्याचे कर्तव्य ठरते. कारण शिकाऊ पोरगा ऐकून थोडे शिकतो, पाहून अधिक. तो पोरगा म्हणजे त्याच्या जानूखाली आलेला ससा आहे.

आम्हा भिक्षुवर्गाकडेही तेच माप लावावे. नवदीक्षित प्रथम झोळी घेऊन अनोळखी दारी उभा राहतो, तेव्हा त्याची वाचा फुटत नाही. कालपर्यंत त्याच्या घरी कोणी मागावयास येत असे. त्यास वैराग्यावर व्याख्यान देऊन काही होत नाही. वडील साधकाने पुढे होऊन आधी स्वतः झोळी पसरावी, नकार आला तर प्रसन्न मुद्रेने पुढील दारी जावे. ‘तू जा, मी येथे बसतो’ असे म्हणणाऱ्या महंतास शिष्य लाभतात, अनुयायी लाभत नाहीत, असे माझे मत आहे. कोणास कटू वाटल्यास वाटो.

लीळाचरित्राचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचावा. म्हाइंभट मूळचे वादविजयी पंडित. त्यांनी भटोबासांच्या अनुज्ञेने, ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडे जाऊन ते विचारून घेतले. वादात प्रश्न प्रतिपक्षास अडविण्यासाठी असतो. येथे त्यांना अक्षरशत्रू भक्तापुढेही ऐकणाऱ्याच्या आसनावर बसावे लागले. पुढे खिलजीच्या सैन्याच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या. हिराइसांचा पाठ त्यांतलाच. पाठ जुळले नाहीत तेथे एकाला खोटे ठरवून दुसरा पुसला गेला नाही. अमुक शोध हिराइसांचा, अमुक रामेश्वरबासांचा, असे नावानिशी दोन्ही राहू दिले. पोथी हाती घेणाऱ्याला ती नावे आजही त्या त्या लीळेपाशी भेटतात.